आधी पाणी आणा, मग पाणी काढू

चार माणसं, एक खटारा जीप आणि वर्षभराचं ऊन एका ठिकाणी आलं, की किस्से आपोआप साठतात. त्यांना काही पाऊस लागत नाही! आमची ही म्हणते, "नळाला चार दिवसांनी पाणी येतं, आणि तुमच्या तोंडाला मात्र चोवीस तास पाण्याच्याच गोष्टी." म्हणो बापडी. तिनं बहात्तर साली आमचं बोअरचं युनिट बघितलं नव्हतं.

युनिट म्हणजे आम्ही चौघं. लिमये साहेब पुण्याचे, जमिनीखालच्या पाण्याचं शिक्षण घेऊन आलेले, लग्न व्हायचं होतं. मशीन चालवायचे चिप्पा मिस्त्री, सोलापूरच्या पूर्व भागातले विणकराच्या घरातले. घरी तेलुगू, कामावर मौन! जीप हाकायचे बाशाभाई. आणि मी फिटर. साहेबांची दोन वाक्यं आम्हाला तोंडपाठ होती. एक, "जीप सरकारी आहे." दुसरं, "रिपोर्ट झाल्याशिवाय पाणी म्हणायचं नाही."

* * *

आमचं मशीन जुन्या जातीचं. खडक कापताना त्याला सारखं पाणी पाजावं लागे, नाहीतर तापून आतच अडकायचं. म्हणजे बोअर हवं असेल, तर गावानं आधी घागरी भरून आणायच्या!

पहिल्याच गावात सरपंच हार घेऊन उभे. हार गळ्यात पडतो न पडतो तोच साहेब म्हणाले, "रोज वीस-पंचवीस घागरी पाणी लागेल."

सरपंच हबकले. "सायेब, तुमी पानी द्यायला आलाय का न्यायला?"

साहेबांनी अर्धा तास मशीनचं शास्त्र समजावलं. सरपंचांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी जावयासारखं की! आधी त्याला घाला, मग तो काय देतोय ते बघत बसा."

* * *

त्याच गावात पाचव्या दिवशी बोअरच्या तोंडातून भसाभस पाणी वर आलं. कुणीतरी ओरडलं, "पानी लागलं!" झालं! हलगी आली, गुलाल आला, नारळ फुटला. दोन म्हाताऱ्यांनी मशीनलाच हळद-कुंकू लावलं. साहेब दोन्ही हात हलवून "अहो थांबा, अहो थांबा" ओरडत होते, तर लोकांना वाटलं साहेबसुद्धा नाचायला लागले!

मिस्त्रींनी शांतपणे पंप बंद केला. पाणी थांबलं. मग हलगी थांबली.

पाच दिवसांत मिस्त्री पहिल्यांदा बोलले. "तुमचंच हाय. सकाळी घातलेलं."

गुलालानं लाल झालेल्या सरपंचांनी तोंड पुसलं. मग म्हणाले, "असू द्या. परत आलं, ह्ये काय कमी हाय?"

त्या गावाला पुढं खरंच पाणी लागलं. पण तेव्हा नारळ शिल्लक नव्हता.

* * *

निलव्वा आमच्या ऑफिसात पहिल्यांदा आली ती एका बाजाराच्या दिवशी. वळसंगच्या पलीकडच्या एका वाडीची. नाव सांगत नाही, तिथली मंडळी अजून मला चहाला बोलावतात. सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायची, आणि बाजाराची सुट्टी मिळाली की थोडं चालत, थोडं एसटीनं सोलापूर गाठायची.

"सायेब, आमच्या वाडीचा नंबर कवा?"

"यादीप्रमाणं येईल बाई."

"माझ्या लेकीला पाचवा महिना हाय. यादीला कितवा हाय?"

साहेबांच्या हातातलं पेन खाली पडलं. निलव्वानं ते उचलून दिलं आणि समोरच्या स्टुलावर बसली.

"पयलं बाळंतपन माहेरी व्हाया पायजे का न्हाय? बाळंतपन म्हंजी पानी की सायेब. न्हायला पानी, धुवायला पानी. आमी हिरीत उतरून वाटीनं घागर भरतोय. ती बी मचूळ. तितं लेक कशी आनू?"

साहेब पेनाचं टोपण काढत-लावत बसले.

"अक्कलकोटास्नं व्याहीणबाईंचा निरोप आलाय. पानी नसंल तर ऱ्हाऊ द्या, आमीच करतो म्हनत्यात." हे सांगताना तिचा आवाज फाटला. "माझं मेलीचं तोंड कुटं लपवू?"

मिस्त्री खिडकीबाहेर बघायला लागले. लग्न न झालेले लिमये साहेब कानापर्यंत लाल झाले आणि त्यांनी उगाचच फाइल उघडली. यादीत वाडीचा नंबर सर्वांत खाली होता.

त्या दिवसापासून ऑफिसातलं कॅलेंडरच बदललं. एक तारखेला बाशाभाई आत डोकावून सांगायचे, "साब, छठा लग गया."

* * *

खडक कापला की दगडाचे गोल, लांबट तुकडे निघायचे. साहेबांचा त्यांच्यावर भारी जीव. प्रत्येक तुकड्यावर पांढऱ्या रंगानं खोली लिहून ओळीनं मांडून ठेवायचे. एका गावी सकाळी उठून बघतात, तर निम्मी ओळ गायब!

साहेब घरोघर हिंडले. तुकडे सापडले. प्रत्येक स्वयंपाकघरात एक, पाट्यावर! वरवंटा म्हणून इतका गुळगुळीत दगड बायकांना कुठं मिळणार? प्रत्येक घरात साहेबांना दगड परत मिळेना, पण मिरचीचा ठेचा आणि भाकरी मात्र मिळाली. चौथ्या घरापर्यंत डोळ्यांतून पाणी!

शेवटच्या घरातली बाई म्हणाली, "सायेब, साठ फुटावरचा दगड एक नंबर बगा. चाळीस फुटावरचा काय कामाचा न्हाय. ठिसूळ हाय, चटनीत कचकच येती."

साहेबांनी खिशातून वही काढली आणि 'चाळीस फुटांवर ठिसूळ थर' असं तिथंच लिहून घेतलं.

"सातवां, साब," जीपमध्ये बसता बसता बाशाभाई म्हणाले.

* * *

आमच्याकडे सत्कार म्हणजे टॉवेल-टोपी. बोअर सुरू झालं टॉवेल-टोपी, संपलं टॉवेल-टोपी, कोरडं गेलं तरी टॉवेल-टोपी! लोकांचं मन मोठं. पण साहेब कडक. "सरकारी माणसानं भेटवस्तू वापरायची नाही. वर कळवू, वरून येईल तसं करू." वरून कधी काही आलं नाही. टॉवेलांचं गाठोडं जीपच्या मागच्या सीटवर वाढत गेलं, इतकं की फिटरनं बसायचं कुठं हा प्रश्न पडला.

एकदा मिस्त्रींनी सत्काराचा टॉवेल हातात घेतला, उलटा केला, काठ बघितला.

"माझ्या भावाच्या मागावरचा हाय," म्हणाले. भाऊ अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेल विणायचा.

आम्ही त्या वेळी आठ दिवस आंघोळ केलेली नव्हती. बाशाभाईंनी गाठोड्याकडं बघितलं, स्वतःच्या हातांवरच्या मळाकडं बघितलं.

"क्या बात है मिस्त्री, पूरे सोलापूर का बदन पोंछेंगे इतने टॉवेल हैं. बस भिगाने कू पानी नै!"

* * *

मध्येच एक परदेशी पाहुणे आले. जगभरचे दुष्काळ बघत हिंडणारे. साहेब त्यांना खडीच्या कामावर घेऊन गेले. जेवणाची सुट्टी होती. निलव्वानं पाहुण्यांच्या हातावर मिलोची तांबडी भाकरी ठेवली. ही मिलो म्हणजे परदेशातून जहाजानं आलेली लाल ज्वारी. पाहुण्यांनी दोन घास खाल्ले आणि इंग्रजीत म्हणाले, हे आमच्याकडे जनावरांना घालतात.

साहेबांनी भाषांतर केलं, "छान आहे म्हणतात."

"मग अर्धी का ठिवली?" निलव्वा म्हणाली.

नंतर पाहुण्यांनी बायकांना आफ्रिकेतल्या दुष्काळाचं सांगितलं. पाऊस आटला, आधीच झाडं तोडलेली, चारा संपलेला, वरच्या अंगाच्या लोकांनी नदी अडवलेली. जनावरं मेली, गावंच्या गावं उठून गेली. साहेब एकेक वाक्य मराठीत सांगत होते. बायका हातोडे खाली ठेवून ऐकत होत्या.

"त्यास्नी इचारा," निलव्वा म्हणाली, "मग तितल्या लेकींची बाळंतपनं कुटं हुत्यात?"

साहेबांनी विचारलं. पाहुण्यांनी उरलेली भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी त्यांना अकलूजकडं नेलं. कॅनॉल, हिरवागार ऊस, पाटातून खळाळतं पाणी. पाहुण्यांनी जीप थांबवायला लावली. आपण दुसऱ्या जिल्ह्यात आलो का, असं त्यांनी विचारलं. साहेब उत्तर जुळवत होते, तेवढ्यात मिस्त्री मागून म्हणाले, "सांगा त्यांना, जिल्हा एकच. पानी वायलं."

हे भाषांतर साहेबांनी केलंच नाही.

* * *

आठवा संपत आला तेव्हा यादीत वाडीचा नंबर अचानक वर सरकला. कुणी सरकवला ते आम्ही विचारलं नाही. यादी साहेबांच्याच कपाटात असायची.

वाडीत मशीन लागलं. घागरी यायला लागल्या. एका घरातून एक, दुसऱ्यातून अर्धी. शंभर फूट झाले, कोरडं. एकशेतीसला खडकात कुठंतरी फट लागली, आणि ओतलेलं सगळं पाणी गडप! काही केल्या वर येईना. मिस्त्रींनी हात वर केले. आणखी पाणी असेल तरच मशीन चालणार. विहिरीत तर वाटी बुडेल इतकंही नव्हतं.

निलव्वा घरात गेली. बाळंतपणासाठी महिनाभर वाटीवाटीनं साठवलेला एक रांजण होता, वर फडकं बांधलेला. दोन बायांनी धरून तो आणला.

मिस्त्री मागं सरकले. "ह्ये नको, अक्का."

"वता."

"नको म्हनतो की."

निलव्वानं स्वतःच फडकं सोडलं आणि रांजण कलता केला. शेवटच्या थेंबापर्यंत रांजण रिता झाला. मिस्त्रींनी डोळे पुसले आणि मशीन सुरू केलं.

संध्याकाळपर्यंत आणखी बारा फूट झाले. रांजणातलं पाणीही त्याच फटीत गेलं. मशीन बंद पडलं.

साहेब मान खाली घालून उभे होते. निलव्वा त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"सायेब, पानी नसंल तर नसंल. आमी घातलेलं तरी परत काढून द्या!"

त्या रात्री कुणीच जेवलं नाही.

सकाळी मिस्त्रींनी सवयीनं बोअरमध्ये खडा टाकला. डुबुक! आम्ही चौघंही धावलो. दोरीला डबा बांधून सोडला, भरून वर आला. वाडी गोळा झाली. पण ह्या वेळी हलगी नाही, गुलाल नाही. आधीच्या गावाची गोष्ट सगळीकडं पोचली होती.

"कालचंच असणार," साहेब घोगऱ्या आवाजात म्हणाले. "फटीतून परत आलं असेल. पंप लावून बघायला हवं. रिपोर्ट झाल्याशिवाय पाणी म्हणता येत नाही."

निलव्वानं डब्यात ओंजळ घातली. पाणी तोंडात घेतलं. डोळे मिटले. बराच वेळ तसंच धरून ठेवलं, मग गिळलं.

"ह्ये आमचं न्हाय."

साहेबांना उलगडा होईना. "म्हणजे?"

"आमच्या हिरीचं मचूळ हाय. आमी घातलं ते बी मचूळच हुतं. ह्ये ग्वाड हाय!"

मिस्त्रींनी बोट बुडवून चाखलं आणि मटकन खाली बसले. मागून कुणीतरी कानडीत 'पाणी आलं' म्हणून ओरडलं, "नीरु बंतु!" निलव्वा मात्र घराकडं वळली. डोक्यावरचा पदर नीट करत, पायात चपला अडकवत बाहेर आली, आणि अक्कलकोटच्या वाटेला लागली.

"अहो बाई, निघालात कुठं? अजून रिपोर्ट व्हायचाय!" साहेब ओरडले.

ती थांबली नाही. "तुमी करा रिपोर्ट. मी लेकीला घिऊन येते."

बाशाभाईंनी जीपची किल्ली हातात घेऊन साहेबांकडं बघितलं. साहेबांनी फाइल उघडली, त्यात तोंड खुपसलं, आणि वर न बघताच म्हणाले,

"बाशाभाई, ते टॉवेल सगळे गाडीतच आहेत ना? बाळंतिणीला लागतील."