श्रावणचं टेकाड

श्रावण तायडेसोबत अकोल्याच्या बाजारातून जायचं असेल तर घरून जेवून निघावं. तो एसटी स्टँडवर कंट्रोलर आहे, त्यामुळे अर्धं गाव त्याला ओळखतं. हमाल, भाजीवाल्या, झाडूवाल्या, शाळेतली पोरं, कोणीही लांबून 'जय भीम' म्हटलं की हा थांबतो. चालता चालता मान हलवली आणि झालं, असं नाही. हातातली पिशवी खाली ठेवतो, दोन्ही हात जोडतो, समोरच्याकडे नीट पाहतो आणि मग 'जय भीम' म्हणतो. तोवर माझी मोर्शीची गाडी निघून जाते.

"कंट्रोलर तू, अन् तुयापायी मायीच गाडी चुकते," मी म्हणतो.

"दुसरी येईन ना," तो म्हणतो.

मी तापट माणूस आहे. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. श्रावणवर मात्र मला नीट चिडता येत नाही. त्याचं कारण चिखलदऱ्याचं एक टेकाड आहे.

चीनची लढाई होऊन वर्ष झालं होतं आणि आमच्या अमरावतीच्या कॉलेजात एनसीसी सक्तीची झाली होती. मी मोर्शीच्या माळ्याचा पोरगा, घरी संत्र्याचा बगीचा. माझं देशप्रेम परेडनंतरच्या नाश्त्यापर्यंत होतं. श्रावणची गोष्ट वेगळी. तो दर्यापूरकडचा. त्याचे वडील डोमाजी लोकांच्या वावरात मजुरीला जात. हा पोरगा होस्टेलात भाताच्या पेजेनं खाकी कपडे कडक करायचा, तांब्यात निखारे भरून त्यांना इस्त्री करायचा आणि भिंतीसमोर उभा राहून सॅल्यूट मारायचा. आम्ही हसायचो. भिंत जवाब देते का रे, म्हणून विचारायचो.

एकदा गच्चीवर त्यानं मला मनातलं सांगितलं. "सहदेव, मले दिल्लीले जाचं हाये. सव्वीस जानेवारीच्या परेडमंदी. आमच्या घरचं कोणी कोणाच्या समोरून मान वर करून गेलं नाही गड्या. मले साऱ्या देशाच्या समोरून जाचं हाये."

त्या दिवसापासून मी त्याच्या भिंतीची थट्टा सोडली.

डोमाजीबुवा एकदा होस्टेलवर आले होते. पोरासाठी ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा घेऊन. जेवता जेवता बाहेरून कोणी त्यांना 'जय भीम' म्हटलं. म्हातारा हातातला घास ताटात ठेवून उठला, दारापर्यंत गेला, जवाब देऊन परत आला. मी म्हटलं, बुवा, बसूनच म्हणायचं ना.

"बापू," ते म्हणाले, "मी जनमभर जोहार घातला. पाटलाले, कोतवालाले, त्याहीच्या लेकराइले. कोणी जवाब देत नवतं. समोरचा पुढं निंगून जाये अन् आमी वाकलेलेच. नागपूरले दीक्षा घेतली तवापासून हा आमचा नमस्कार हाये. माया घरात याले बिनाजवाबाचं कोणी ठेवत नाही. मंग ताटावरून उठा लागलं तरी चालते."

श्रावण खाली मान घालून भाकरी खात होता. बापाचं बोलणं त्याला पाठ असावं.

डिसेंबरात आमचा कॅम्प चिखलदऱ्याला लागला. थंडी अशी की सकाळी बादलीतल्या पाण्यात हात घालायचा धीर होईना. कॉलेजातून एकाच पोराचं नाव दिल्लीला जाणार होतं आणि मेजरसाहेबांच्या मनात दोन नावं होती. एक श्रावण, दुसरा ओमप्रकाश, अकोल्याच्या एका अडत्याचा मुलगा. पोरगा वाईट नव्हता, उंचापुरा, दमाचा. शेवटच्या दिवशी जंगलात लुटुपुटूची लढाई ठेवली होती. ज्याची टोळी जिंकेल त्याचं नाव जाणार, असं साहेबांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

हत्यारं म्हणजे राखेच्या पुरचुंड्या. कॅम्पच्या चुलीतली राख जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली. अंगावर फुटली की माणूस मेला. मेलेल्यानं बाजूला जाऊन बसायचं आणि शिट्टी होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. टेकाडावर आमचा, म्हणजे श्रावणच्या टोळीचा, लाल झेंडा. आम्ही तो राखायचा, ओमप्रकाशच्या टोळीनं तो उपटायचा. संध्याकाळच्या शिट्टीपर्यंत झेंडा राहिला तर आम्ही जिंकलो.

श्रावणनं आम्हाला अशा जागी बसवलं की मीच मला सापडेना. आणि मग जंगल सुरू झालं. सुरू झालं असंच म्हणतो, कारण इतका वेळ आमच्या बडबडीत ते कुठं होतं कोण जाणे. सागाचं एक मोठं पान सुटलं, फांद्यांना धडकत खाली आलं, तेवढ्या आवाजानं माझं काळीज हललं. मग खालच्या नाल्यातून एक सांबर चढून आलं. भलं मोठं, ओल्या नाकाचं. श्रावण घाणेरीच्या जाळीत पालथा पडला होता. सांबर त्याच्या डोक्याशी थांबलं, घाणेरीवर नाक फिरवलं आणि आरामात निघून गेलं. त्याला तिथं माणूस आहे हे कळलंच नाही.  रात्र रात्र रानडुकरांपासून लोकांची पिकं राखलेला पोरगा तो. पण राखण वेगळी आणि असं मातीत माती होऊन जाणं वेगळं. मला त्या घडीला श्रावणची भीती वाटली, खरं सांगतो.

मी मात्र दुपारीच मेलो. खिशात घरची संत्री होती. भूक लागली, म्हणून जाळीत बसल्या बसल्या एक सोललं. संत्र्याचा वास माळ्याच्या पोराच्या नाकाला जाणवतही नाही, पण ओमप्रकाशच्या पोरांना तो पार नाल्यात आला. फाडकन पुरचुंडी छातीवर फुटली. तोंडात संत्र्याची फोड, डोळ्यात राख. झेंड्याखालच्या मोहाच्या झाडाशी जाऊन बसलो. हळूहळू आमचे बाकीचेही मरून माझ्याजवळ येऊन बसले.

जिवंत उरला एकटा श्रावण. पण काय लढला! ओमप्रकाशचं एकेक पोरगं टेकाड चढू लागे आणि मध्येच त्याच्या पाठीवर राख फुटे. कुठून आली ते कोणालाच कळेना. शेवटी ओमप्रकाश आणि त्याचे दोघं साथीदार उरले. ते नाल्याच्या काठाशी दबून बसले, वर यायची त्यांची छाती होईना. उन्हं कलली होती. साहेब खालच्या रस्त्यावर शिट्टी घेऊन उभे होते. आम्ही मेलेले एकमेकांना कोपरानं ढोसत होतो. दिल्ली आमच्या डोळ्यांसमोर आली होती.

तेवढ्यात पायवाटेनं कॉफीच्या मळ्यातल्या बाया आल्या. खालच्या गावांतून तोडणीला आलेल्या मजुरणी. काम संपवून, टोपल्या घेऊन चालल्या होत्या. बाकीच्या बाया पुढं गेल्या. मागं राहिली एक म्हातारी, जाईबाई. तिचं नाव आम्हाला नंतर कळलं. ती आमच्यासमोर थांबली, राखेनं माखलेले आमचे अवतार पाहिले आणि हात जोडून म्हणाली, "जय भीम, पोराहो."

आम्ही मेलेले. बोलायची बंदी. पण बंदी नसती तरी आमच्यातले किती बोलले असते, हे मी सांगू शकत नाही.

म्हातारी पुढं निघाली. आयुष्यभर पानाखालचं फळ शोधणारी नजर. जो सांबराला दिसला नाही तो तिला दिसला. घाणेरीच्या जाळीपाशी ती वाकली आणि म्हणाली, "जय भीम, बाबू."

जाळी हलली नाही. नाल्याकडून ओमप्रकाशनं डोकं वर काढलं. म्हातारी कोणाशी बोलून राहिली, हे तो पाहू लागला. पण ती झाडाशी बोलते की देवाशी, हे त्याला समजेना. आणखी थोडा वेळ श्रावण गप्प राहिला असता तर संपलं होतं. मी मनात म्हणत होतो, नको बोलू, नको बोलू.

जाईबाई रागावली नाही. तिनं जोडलेले हात सोडले, टोपली सावरली आणि चालू लागली. जवाब न मिळण्याची तिला सवय असावी, इतकं ते सहज होतं.

आणि श्रावण उठला. घाणेरीच्या जाळीतून पूर्ण उभा राहिला, केसांत काड्या, गालावर ओरखडे. हातातली पुरचुंडी त्यानं खाली ठेवली, हात जोडले आणि साऱ्या टेकाडाला ऐकू जाईल असं म्हणाला, "जय भीम, माय."

म्हातारीनं वळून पाहिलं. तिचा चेहरा उजळला. त्याच वेळी नाल्याकडून तीन पुरचुंड्या आल्या आणि श्रावण राखेत दिसेनासा झाला. ओमप्रकाश आमच्या अंगावरून उडी मारून गेला आणि झेंडा घेऊन खाली पळाला. मग शिट्टी झाली.

मी श्रावणला काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. "काहून उठला बे? दोन मिनिटं मुकं राहाले काय झालं होतं तुले?" तो अंगावरची राख झटकत राहिला. साहेबांनीही तेच विचारलं, त्यांच्या हिंदीत.

"सर, उस माँ ने नमस्कार किया था," श्रावण म्हणाला.

"लड़ाई में मर जाते."

"जी सर."

साहेबांनी शिट्टी खिशात टाकली. मग ओमप्रकाशच्या पाठीवर थाप मारली. दिल्लीचं ठरलं.

कॅम्पकडे परत जाताना हरलेली टोळी मागं. श्रावण आमच्या पुढं, त्याच्या नेहमीच्या ताठ चालीनं. डोळे लाल होते, राखेनं म्हणा की कशानं. वळणावर त्या मजुरणी दरीच्या कडेला आमच्यासाठी वाट सोडून उभ्या होत्या. शेवटी जाईबाई. परेडमध्ये मोठ्या पाहुण्यासमोरून जाताना जो हुकूम देतात, तो श्रावणनं दिला. आवाज जराही कापला नाही.

"दाहिने देख!"

आमच्या माना एकदम उजवीकडे वळल्या. माझीही वळली.  श्रावणचा हात सॅल्यूटमध्ये कपाळाशी गेला आणि आमचे पाय त्या मातीच्या रस्त्यावर असे पडू लागले, जसे अख्ख्या कॅम्पात कधी पडले नव्हते.

जाईबाईनं गडबडून मागं वळून पाहिलं, कोण साहेब आला म्हणून. मागं नुसती दरी होती. मग तिनं टोपली हळूच खाली ठेवली, पदर नीट केला आणि आमच्याकडे पाहत हात जोडले.