मोठी हिरवी चादर

हे सांगायचं मी काही वर्षं टाळलं. आमच्या चादरींचं ऑनलाइन दुकान सून सांभाळायची. एकेक रंग, एकेक माप भरून ती वैतागली, म्हणून तिनं वेबसाइटला थेट जोडलं जाणारं, एपीआयचं म्हणतात तसलं एक टूल लावलं. यादी दिली की सगळे प्रकार ते एकदम दुकानात चढवायचं. यादी माझी होती: तीन मापं, चार रंग. टूलनं प्रत्येक रंग प्रत्येक मापाला जोडून टाकला.

"मामा, मोठी हिरवी आपण विणतो का?" तिनं विचारलं.

"किती प्रश्न गं तुझे! टाक की."

मोठ्या मागावर आम्ही फक्त लाल विणायचो. पेठेत कुणी दुसरा रंग मागितला तर मी बिनदिक्कत 'महिन्यात विणून देतो' म्हणायचो. वेबसाइटनं मात्र मोठी हिरवी चादर तयार असल्याचं सांगितलं. एका लग्नघरानं वीस मागवल्या. द्यायला एकही नव्हती.

मुलगा चिडला, तेव्हा मी म्हणालो, "हिनंच काहीतरी चुकीचं दाबलं असेल."

दुसऱ्या दिवसापासून तिनं दुकानाचं काम सोडलं.

आजही ती चहा आणून देते. चूक माझी होती, एवढंच म्हणायचं असतं. मी म्हणतो, साखर कमी पडली.