पट्टी बांधणारी

२०२२ साल, माझं वय चौऱ्याहत्तर. नात पल्लवी मैत्रिणींबरोबर मोबाइलवर लढाईचा खेळ खेळत होती. आधी मलमपट्टी सगळ्यांकडेच असायची, तेव्हा हिला कुणी विचारत नव्हतं. आता खेळाचे नियम बदलले होते; पडलेल्याला उठवणं फक्त पट्टीवालीलाच, म्हणजे हिलाच जमत होतं.

"पल्ले, धाव गं, मी मेले!" फोनमधून मैत्रीण ओरडली.

"मरू नको, आले!" म्हणत ही गोळ्यांतून पळाली, तिला उठवलं, आणि हातचा गेलेला डाव दोघींनी जिंकला.

मला आमचं कबड्डीचं मैदान दिसलं. चढाईला सगळेच तयार. कोपरा मी धरायचो. टाळ्या चढाईवाल्याला, पण समोरून चढाईला आलेल्याचा घोटा माझ्या हाती आला की सुटका नाही, हे छाती ठोकून सांगतो. ज्याचं काम दुसऱ्याला येत नाही, त्याला हाक मारावीच लागते.

दुसऱ्या दिवशी चहाआधीच पल्लवीला उठवलं. म्हटलं, "शिकव मला. बंदूक नको, पट्टीच दे."