अर्धा इंच कमी

पोलीस भरतीसाठी माझी छाती कमी पडत होती. पवनारच्या एका शिंप्यानं मला दंड, बैठका, भिजवलेले चणे असं सगळं ठरवून दिलं. दर शनिवारी तो माझ्या छातीला टेप आवळायचा, आकड्यावर अंगठा दाबायचा आणि तोंडातल्या टाचण्या न काढता म्हणायचा, "अर्धा इंच कमी. चोरून भजे खाऊन राह्यला का बे?"

मी भजे सोडले, दंड वाढवले. तरी अर्धा इंच कमीच. मला त्याचा रागच यायला लागला.

भरतीच्या आदल्या दिवशीही तेच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं नवा शर्ट माझ्या हातात कोंबला. "हा घालून जाजो."

मैदानावर छाती इंचभर जास्तच भरली. शर्ट परत अंगात घातला, तेव्हा लक्षात आलं, तो छातीवर कुठंच आवळत नव्हता. त्यानं खऱ्या मापानंच शिवला होता.