घरपट्टी वाढू दिली नाही, आणि आता...

मैत्रिणींनो, आज ग्रामसभेत मला टाळ्या मिळाल्या, आणि आता त्याच टाळ्या बोचतायत.

सरपंचबाई घरपट्टी थोडी वाढवायचं म्हणत होत्या. मी उठून बोलले, "सरकारचा निधी येतो ना? मग आमच्या खिशात हात काहून?" लोकांनी हात वर करून मला साथ दिली. वाढ बारगळली.

सरपंचबाई शांतपणे म्हणाल्या, "ताई, तो निधी ठरलेल्या कामालाच लागतो. तांड्याच्या रस्त्यावरचे दिवे घरपट्टीतूनच लावायचे होते."

माझ्या शेजारी तांड्यावरची शेवंताबाई बसली होती. तिची पोरगी अंधार पडल्यावर कॉलेजातून त्याच रस्त्याने घरी येते. तरी तिनंही हात वर केला होता. बाहेर आल्यावर मी विचारलं, "तुमी काहून केला?"

"तुमी बोलल्या, म्हणजे बराबरच असंल, असं वाटलं."

मला तिच्याकडं बघवेना. तशीच परत आत गेले. "विषय पुन्हा घ्या, मी वाढीच्या बाजूनं बोलते."

सरपंचबाई म्हणाल्या, "घेऊ. पण टाळ्या वाजवणाऱ्यांना तुमीच समजवा."

उद्या घरोघरी जाऊन माझंच बोलणं खोडायचंय. सांगा, पहिल्या घरात शिरल्यावर मी काय म्हणू?