बापूकाकांचं नाक आणि एक ट्रे खारी

खारी कुठली चांगली यावरून ऑफिसात भांडण जुंपलं आणि मी तावातावाने म्हणाले, "आमच्या कोल्हापूरच्या बापूकाकांची!" म्हटल्यावर आणून दाखवणं आलं. शनिवारी सकाळी स्वारगेटहून एसटी धरली.

रस्त्याची कामं चालू आहेत. पाच तास धरून निघालात तर सहा लागतील, चिडायचं नाही. शेजारचे आजोबा कराडपर्यंत माझ्या खांद्यावर झोपले होते. उतरल्यावर स्टँडजवळ मिसळ खाल्ली. पाव मागू नका, इथे ब्रेडच्या स्लाइस देतात. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं की वाढणारा खूश होऊन आणखी कट ओततो.

बापूकाका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. रंकाळ्यामागच्या गल्लीत त्यांची लाकडाच्या भट्टीची बेकरी आहे. भट्टी बघायची तर दुपारी चारच्या सुमाराला जा, आणि काळे कपडे घालू नका. आत सगळीकडे पिठाचा धुरळा. काका भुवयांपर्यंत पांढरे झालेले आणि खोकत होते.

"काका, पीठ मळायच्या मशीनवरची, हात आत जाऊ नये म्हणून असते ती जाळी कुठाय?"

"ती काय! नानकटाई गार व्हायला ठिवलीया तिच्यावर. झ्याक जाळी हाय."

मावशी मास्क घेऊन उभी होती. पीठ छातीत बसतंय, नाक-तोंड बांधा, नाहीतर धंदा सोडा, असं डॉक्टरांनी काकांना बजावलं होतं. दोन महिने ती तो मास्क घेऊन त्यांच्यामागे फिरत होती.

"अवो, बांधा की. पोरगी पुण्यासनं आलीया, तिच्यापुढं तरी!"

"ह्या भट्टीला घड्याळ न्हाय, काटा न्हाय. खारी झाली का न्हाय ते हे नाक सांगतंय. नाक झाकून खारी भाजू व्हय? उद्या म्हणशील, डोळं बांधून रिक्षा चालवा!"

खरं सांगते, मला काकांचंच पटलं. मी फोन काढून व्हिडिओ सुरू केला. काका रंगात आले. तीस वर्षांत एक ट्रे करपला नाही म्हणाले, वडिलांची आठवण काढली. तेवढ्यात मला जळका वास आला. मावशीलाही आला. गल्लीतून कोणीतरी ओरडलं, "बापू, काय जळतंय रं?" काका मात्र नाकावर टिचकी मारत बोलतच होते.

मावशीनं भट्टीचं दार उघडलं. खारीचा कोळसा झाला होता. काकांनी वाकून ट्रेजवळ नाक नेलं, एकदा, दोनदा. मग हळूच म्हणाले, "मला काय बी येत न्हाय गं."

मी व्हिडिओ बंद केला. फार वाईट वाटलं. मावशीनं मास्क त्यांच्या कानांवर अडकवला, दुसरा ट्रे आत सरकवला आणि भट्टीपुढं स्टूल टाकून स्वतः बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "काढा." मास्क लावलेल्या काकांनी मुकाट्यानं ट्रे ओढला. खारी सोनेरी होती. जाळीचंही मी जाता जाता सांगितलं, पण मी निघेपर्यंत ती नानकटाईखालीच होती.

रविवारी घरी पोचले. सोमवारी ऑफिसात दोन किलो खारी दहा मिनिटांत संपली, भांडण मी जिंकले. पण माझ्या डोक्यातून ते ट्रेवर वाकलेले काका जाईनात. फोन करायचा धीर होत नव्हता. तीन आठवड्यांनी त्यांचाच आला.

"पोरी, आज वास आला!"

"खारीचा?"

"कुठली खारी! ह्या मास्कचा. तुझ्या मावशीनं धुवाय घेतलाय."