हानोईच्या गाडीतली गस्त

'एकट्यानं जाऊ नका' असं गडचिरोली जिल्ह्यात सर्वांत जास्त लोकांना सांगणारा माणूस आणि एकट्यानं सर्वांत लांब जाणारा माणूस एकच आहे, आणि तो आरमोरीला राहतो. वनरक्षक म्हणून त्यांची सगळी नोकरी अहेरीकडच्या जंगलात गेली. मोहफुलांच्या दिवसांत पहाटे टोपली घेऊन एकट्याच निघालेल्या बायकांना ते वाटेत अडवत आणि सोबत आणायला गावात परत पाठवत. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात ते व्हिएतनामला गेले. एकटे. देशाच्या दक्षिणेकडून उत्तरेला जाणाऱ्या गाडीत बसले, दीड दिवसानं हानोईला उतरले, स्टेशनाबाहेर चहा प्याले आणि परतीच्या गाडीत बसले. त्यानंतर दर हिवाळ्याला हेच. व्हिएतनामच का, असं मी बातमीदाराच्या सवयीनं विचारलं. "तिथी धान हाये आन रेल्वे हाये. आरमोरीत निस्तं धानच हाये," ते म्हणाले. माहिती बरोबर होती.

गाडीत वाघ नसतो, हे त्यांना मान्य आहे. तरीही ते दाराकडे पाठ करून झोपत नाहीत आणि सकाळ-संध्याकाळ गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गस्त घालतात. जंगलात वळणावर आपण येत असल्याची वर्दी आधी द्यावी लागते. जनावर दचकलं की अंगावर येतं. त्यामुळे दोन डबे जिथे जोडलेले असतात तिथे ते थांबतात, काठी दोनदा आपटतात, मोठ्यानं खोकतात आणि मगच पुढच्या डब्यात पाऊल टाकतात. पहिल्या खेपेला डब्यावर नेमलेल्या मुलीनं हा खोकला ऐकून त्यांना हाताला धरून बसवलं आणि आल्याचं गरम पाणी पाजलं. संध्याकाळच्या गस्तीनंतर पुन्हा पाजलं. प्रवाशांनीही आपापल्या पिशव्या उघडल्या. हानोई येईपर्यंत चार प्रकारचे बाम जमले. "पोरगी गुणाची होती. तिले वाटलं, मले दमा हाये," असं ते सांगतात. गैरसमज दूर करण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही, कारण पाणी चांगलं होतं.

ते सगळ्यांशी मराठीतच बोलतात. एकदा समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याशी त्यांचं तासभर बोलणं झालं. काय बोलला, मी विचारलं.

"त्याचा मोठा पोरगा ऐकत नाई त्याचं."

"तुम्हाला कसं कळलं?"

"बाप माणूस कपाळाले हात लावून बोलते, तं दुसरं काय असन?"

त्यांच्या पत्नीचा या प्रवासांना विरोध नाही, मत आहे. "आधी जंगलात होते, आता रेल्वेत हायेत," त्या मला म्हणाल्या. "मी ह्यायले घरी कवा पाह्यलं, सांगा बरं भाऊ."

यंदा धानकापणी सुरू असताना मी आरमोरीला गेलो होतो. त्यांच्या पत्नी, बाई, आत होत्या. वनरक्षकांनी मला अंगणातल्या खाटेवर बसवलं आणि आवाज खाली केला. मागच्या खेपेला गस्त घालून परत आल्यावर त्यांना स्वतःची जागा सापडली नव्हती. ते सगळी गाडी तीनदा फिरले.

"पावसात वाट पुसून जाये, तरी मी कधी चुकलो नाई. तिथी तं दारावर नंबर होते. नंबर दिसत होते. त्याच्यातला माहा कोणता, तेच आठवत नव्हतं."

शेवटी डब्यावरच्या बाईनं त्यांच्या खिशातून तिकीट काढून त्यांना जागेवर नेऊन सोडलं होतं. आता घरीही असं होतं. परवा बाजारात निघाले आणि चौकात उभे राहिले.

"बाईले सांगू नका. तिले समजलं, का माहं जाणं बंद. मले अजून एक डाव जायचं हाये."

तिकीट काढून झालं होतं. त्यांनी एक पुठ्ठा पुढे केला. डबा आणि जागेचा नंबर मी त्यावर ठळक लिहून द्यायचा होता, कारण त्यांचं अक्षर आता त्यांनाच लागत नव्हतं. हे लिहावं की आत जाऊन बाईंना सांगावं, याचा निर्णय माझा झाला नव्हता. मी पेनाचं टोपण काढून बसलो होतो. तेवढ्यात बाई चहा घेऊन बाहेर आल्या. पुठ्ठा लपवायला वेळ मिळाला नाही. त्यांनी कप खाटेवर ठेवले, पुठ्ठ्याकडे पाहिलं.

"मोठ्या अक्षरात लिहा, भाऊ," त्या म्हणाल्या. "आन वर त्यायचं नाव बी लिहा."

ते कुंपणापलीकडच्या धानाच्या बांध्यांकडे पाहत राहिले. तिथे कापणी चालू होती. मी नाव लिहिलं. त्यांनी पुठ्ठा डोळ्यांजवळ धरला, स्वतःचं नाव सावकाश वाचलं आणि होकारार्थी मान हलवली.